संगणक-शंका : उबुंटू बसवताना लॅपटॉप मध्येच थांबतो

प्रश्न : मी परळ भागातील एका रात्रशाळेत गणित शिकवतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना लॅपटॉप शाळेला दिला आहे. तो २०१७ सालचा असून त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० हे ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोज १० साठी मिळणारी मोफत सुरक्षा-सुधारणांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून आम्ही विंडोज काढून उबुंटू २४.०४ ही लिनक्सवर आधारलेली मोफत कार्यप्रणाली बसवायचे ठरवले. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केल्यावर पहिली यादी नीट येते. ‘ट्राय ऑर इन्स्टॉल उबुंटू’ निवडले की कंपनीचे चिन्ह आणि खाली फिरणारे वर्तुळ दिसते, आणि मग सारे जागच्या जागी थांबते. माउस हलत नाही, पंखा मात्र फिरत राहतो. शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. असे सहापैकी पाच वेळा झाले. फक्त चौथ्या खेपेस उबुंटूच्या फायली डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यापर्यंत मजल गेली, पण तिथेही तो थांबलाच. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने मदरबोर्ड गेला आहे असे सांगितले. पण हाच लॅपटॉप विंडोजवर तासन्‌तास विनातक्रार चालतो. आम्ही काय करावे?
— एक शिक्षक, परळ

उत्तर : मदरबोर्डवर पैसे खर्च करू नका. जो लॅपटॉप विंडोजवर तासन्‌तास चालतो, त्याचा मदरबोर्ड केवळ उबुंटूचा पेनड्राइव्ह लावताच निकामी ठरावा, हे पटण्यासारखे नाही. सहापैकी पाच वेळा तो एकाच ठिकाणी थांबला, ही आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगी नोंद आहे आणि ती आपण इतक्या काळजीने केलीत, त्यामुळे निम्मे निदान आधीच झाले आहे. पुन्हा पुन्हा एकाच जागी थांबणारा संगणक बहुतेक वेळा सॉफ्टवेअरपाशी, विशेषतः एखाद्या ड्रायव्हरपाशी (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या कार्यक्रमापाशी), अडलेला असतो. दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर रॅम, उष्णता, पेनड्राइव्ह किंवा डिस्क यांच्याकडे पाहावे लागते. आपल्याकडे पाच खेपांचा दोष पहिल्या प्रकारचा दिसतो. चौथी खेप वेगळी आहे आणि तिचा विचार मी स्वतंत्रपणे करतो.

आपल्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असते आणि रोजचा पडदा तीच रंगवते, तर दुसरी, म्हणजे एनव्हिडियाची, जड कामासाठी जागी केली जाते आणि एरवी वीज वाचावी म्हणून झोपवून ठेवली जाते. लिनक्सचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सुरू होताना या दोन्ही चिप ओळखतो आणि एनव्हिडियासाठी ‘नूवो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर चढवतो. हा ड्रायव्हर कंपनीने लिहिलेला नाही. चिपचे वागणे बाहेरून तपासत स्वयंसेवकांनी तो वर्षानुवर्षे कष्टाने घडवला आहे, आणि असंख्य यंत्रांवर तो उत्तम चालतो. परंतु २०१६ ते २०१८ या काळातल्या दुहेरी ग्राफिक्सच्या अनेक लॅपटॉपांवर झोपलेली चिप जागी करण्याच्या क्षणी लॅपटॉपचे फर्मवेअर (यंत्रातच कायम बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) आणि हा ड्रायव्हर यांचे जमत नाही, आणि त्या एका क्षणापाशी अख्खा संगणक अडकून पडतो. फिरते वर्तुळ दिसते न दिसते तोच सारे थांबणे, हे त्याचे अगदी ओळखीचे लक्षण आहे.

उपाय करण्यापूर्वी दोन कामे विंडोज अजून जागेवर आहे तोवरच उरकून घ्या, कारण एकदा विंडोज पुसली की ही कामे अवघड होतात. पहिले म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी बायोसची, म्हणजे वर सांगितलेल्या फर्मवेअरची, शेवटची आवृत्ती उपलब्ध असेल, तर ती विंडोजमधूनच चढवा. त्या वेळी चार्जर लावलेला असावा आणि काम पूर्ण होईपर्यंत यंत्राला हात लावू नये. दुसरे म्हणजे उतरवून घेतलेली उबुंटूची आयएसओ फाइल (पेनड्राइव्हवर लिहायची संपूर्ण प्रत) अखंड आहे की नाही, ते तपासा. ती सुमारे ६ जीबीची असते आणि शाळेच्या किंवा मोबाइलच्या जोडणीवरून उतरवताना मध्येच तुटण्याची शक्यता असते. उबुंटूच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा दिलेला असतो. विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपल्या फाइलचा ठसा काढून तो त्याच्याशी अक्षरशः जुळवून पाहा. एक अक्षर जरी वेगळे असले, तरी फाइल पुन्हा उतरवा.

आता मुख्य उपाय. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर जी पहिली यादी येते, तिच्यात दुसऱ्या ओळीत ‘उबुंटू सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असतो. तो निवडा. बहुतेक वाचकांचे काम इथेच होते. या पर्यायामागे ‘नोमोडसेट’ हा एकच शब्द असतो. पडद्याची मांडणी कर्नलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरने आपल्या हाती न घेता फर्मवेअरने दिलेल्या साध्या पडद्यावरच काम चालवावे, असे तो कर्नलला सांगतो. त्यामुळे नूवो आपले काम सुरूच करत नाही आणि अडण्याचा क्षण टळतो. मात्र इंटेलचा ड्रायव्हरही त्याबरोबर बाजूला राहतो. म्हणून पडदा थोडा धूसर किंवा मोठ्या अक्षरांचा दिसेल, उजेड कमीजास्त करता येणार नाही आणि खिडक्या जड हलतील. ते तात्पुरते असते, त्याची चिंता करू नये.

या पर्यायानेही काम झाले नाही, तर पहिल्याच ओळीवर ठळक पट्टी ठेवून ‘ई’ हे अक्षर दाबा. काही ओळींचा मजकूर उघडेल. त्यातील जी ओळ ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होते, तिच्या शेवटाकडे ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. ते दोन्ही पुसून टाका, म्हणजे सुंदर चिन्हाऐवजी कर्नलचे खरे संदेश पडद्यावर सरकताना दिसतील. त्यांच्या जागी नूवो या नावाची इंग्रजी अक्षरे एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू, लगेच टिंब, त्यानंतर एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, मग बरोबरचे चिन्ह आणि शून्य, अशी सगळी लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता लिहा आणि एफ-१० दाबा. हा बदल फक्त त्या एका खेपेपुरता असतो. चूक झाली तरी पुन्हा सुरू केल्यावर सारे पूर्ववत होते, त्यामुळे निर्धास्तपणे करून पाहा. दुहेरी ग्राफिक्सच्या यंत्रावर मला स्वतःला ‘नोमोडसेट’पेक्षा हीच वाट अधिक पसंत आहे, कारण तिने फक्त नूवो थांबतो आणि इंटेलचा ड्रायव्हर आपले काम नेहमीसारखे करतो.

तरीही तो थांबलाच, तर पडद्यावरच्या शेवटच्या दहा-बारा ओळींचा मोबाइलने स्पष्ट फोटो काढून ठेवा. थांबल्यासारखे दिसणारे प्रत्येक यंत्र खरोखर थांबलेले नसते, हेही लक्षात घ्यावे. कॅप्स लॉकची कळ दाबून पाहा. तिचा दिवा कळीबरोबर लागत-विझत असेल, तर कर्नल बहुधा जिवंत आहे आणि फक्त पडदा अडला आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबल्यास काळ्या पडद्यावर अक्षरांची खिडकी उघडण्याची शक्यता असते. तो दिवा आपोआप लुकलुकत असेल, तर कर्नलने स्वतःच हात टेकले आहेत. आणि दिवा काहीच प्रतिसाद देत नसेल, तर यंत्र पूर्ण अडकले आहे असे समजा.

फायली उतरवताना थांबलेल्या चौथ्या खेपेबद्दल मी घाईने निष्कर्ष काढणार नाही. तो नूवोचाच उशिरा आलेला परिणाम असू शकतो, पण आणखी तीन गोष्टी नजरेआड करून चालणार नाही.

पहिली म्हणजे तो लॅपटॉप कदाचित थांबलाच नसेल. उबुंटूचा इन्स्टॉलर इंटरनेट जोडलेले असल्यास काही पॅकेज आणि भाषेच्या फायली बाहेरून आणू लागतो, आणि जोडणी मंद असली की एकाच ओळीवर बराच काळ उभा राहतो. माउस हलत असेल, तर ते थांबणे नसून वाट पाहणे असते. म्हणून इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत वायफाय जोडूच नका आणि इतर कंपन्यांचे ड्रायव्हर उतरवण्याच्या चौकटीत खूण करू नका. ते काम नंतर निवांतपणे करता येते.

दुसरी म्हणजे पेनड्राइव्ह. संदेशांमध्ये ‘स्क्वॅशएफएस एरर’ असे शब्द पुन्हा पुन्हा दिसले, तर पेनड्राइव्हवरची उबुंटूची प्रत वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या पेनड्राइव्हवर छापलेली क्षमता आणि आतली खरी क्षमता यांत फरक असलेले नमुने मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांवर लिहिताना काहीच तक्रार येत नाही, वाचताना मात्र सारे उघडे पडते. खात्रीच्या दुकानातून ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर रूफस किंवा बलेना-एचर यांपैकी एकाने उबुंटू पुन्हा लिहा आणि शक्य असल्यास लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी खाचेत लावा. रूफसने नेहमीच्या आयएसओ पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह चालला नाही, तर तोच कार्यक्रम देतो ती डीडी पद्धत (प्रत जशीच्या तशी उतरवणारी) वापरून पाहा.

तिसरी म्हणजे उष्णता आणि रॅम. मुंबईच्या दमट, खारट हवेत आणि रस्त्यालगतच्या धुळीत आठ-नऊ वर्षे वापरलेल्या लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत लोकरीसारखा थर साचलेला असतो आणि प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून गेलेली असते. फायली उतरवताना प्रोसेसर सतत राबतो, आणि साधे टंकलेखन करताना न जाणवलेला ताप तेव्हा बाहेर येतो. तापलेला लॅपटॉप बहुधा थांबत नाही, तो एकाएकी बंदच पडतो, म्हणून आपल्या बाबतीत माझा यावर फारसा संशय नाही. तरीही शाळेत मुलांच्या हाती देण्यापूर्वी त्याची सफाई आणि नवी पेस्ट करून घेतली तर तो पुढे टिकेल, आणि हा खर्च मदरबोर्डच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. रॅमसाठी ‘मेमटेस्ट-८६ प्लस’ हा मोफत कार्यक्रम वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. उबुंटूला किमान ४ जीबी रॅम असावी अशी शिफारस आहे, तेव्हा ८ जीबी हे प्रमाण पुरेसे आहे. प्रश्न असलाच तर तो तिच्या गुणवत्तेचा असेल. सकाळी लाल रंगातली एक जरी ओळ दिसली, तर रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासा. बहुधा त्यांतली एकच दोषी निघते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत खेपेचा क्रमांक, काय बदलले आणि यंत्र कुठे थांबले, एवढे लिहा. मोठ्या आशेने एकदम चार उपाय करणाऱ्या वाचकांची पत्रे मला नेहमी येतात. यंत्र चालू झालेले असते, पण नेमक्या कशाने ते कळलेले नसते, आणि पुढच्या मोठ्या अपडेटनंतर तेच पुन्हा थांबले की त्यांना सुरुवातीपासून सारे करावे लागते.

इन्स्टॉलेशन पार पडल्यावर पहिल्यांदा लॅपटॉप सुरू कराल, तेव्हा तो पुन्हा त्याच जागी थांबण्याची शक्यता आहे. घाबरू नका आणि पुन्हा इन्स्टॉल करू नका. इथे अनेक जण हार मानतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पेनड्राइव्हवरून सुरू करताना दिलेला शब्द डिस्कवरच्या नव्या उबुंटूला ठाऊक नसतो. सुरू करताना कंपनीचे चिन्ह येऊन जाताच एस्केप कळ एकदा दाबा, यादी दिसेल. तिथे ‘ई’ दाबून वर सांगितलेला बदल पुन्हा करा. आत पोहोचल्यावर वायफाय जोडा, सगळे अपडेट घ्या, आणि ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीतील ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या विभागात जाऊन एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर निवडा. आपले कार्ड पास्कल या पिढीचे आहे. त्या पिढीसाठी कंपनीने ५८० ही शेवटची मालिका ठरवली आहे, तेव्हा त्याहून वरचा क्रमांक निवडू नका. तसेच ज्या नावापुढे ‘ओपन’ असा शब्द असेल तोही टाळा, कारण तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठीच आहे. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास काही वेळा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी सुरू करताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यावा. न वाचता पुढे गेल्यास ड्रायव्हर चढत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर लागला की नूवो आपोआप बाजूला होतो आणि कोणताही शब्द पुन्हा लिहावा लागत नाही.

कधी मध्येच पुन्हा थांबलाच, तर पॉवरचे बटण दाबून धरण्यापूर्वी ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन या कळा दाबून ठेवून एस, यू आणि बी ही अक्षरे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. पहिल्याने न लिहिलेली माहिती डिस्कवर उतरते, दुसऱ्याने डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते आणि तिसऱ्याने यंत्र पुन्हा सुरू होते. काही लॅपटॉपांवर त्याबरोबर एफएन कळही धरावी लागते. मुलांचे काम वाचवण्यासाठी ही एवढी सवय फार मोलाची आहे. आपल्या विद्यार्थ्यांना लिनक्सची ओळख मराठीतून करून द्यायची असेल, तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमाचे धडे मोफत मिळतात आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही दाखवता येतात.

प्रश्न : माझा लॅपटॉप नवा असून त्यात विंडोज ११ आहे. मला अभ्यासासाठी ती ठेवून शेजारी उबुंटू हवे आहे. इन्स्टॉलर ‘आरएसटी (इंटेलची डिस्क हाताळण्याची पद्धत) बंद करा’ असे सांगून पुढे जातच नाही. एका मित्राने सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये डिस्कची मांडणी बदलून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत केली, तर आता विंडोज निळ्या पडद्यावर अडकून पुन्हा पुन्हा सुरू होते. माझा प्रकल्प त्यात आहे.
— एक विद्यार्थिनी, बोरिवली

उत्तर : आपला प्रकल्प जागेवर आहे. बायोसमध्ये जाऊन ती मांडणी होती तशी करा, विंडोज पुन्हा नीट सुरू होईल. विंडोज सुरू होताना फक्त पूर्वीच्या मांडणीचा ड्रायव्हर चढवत होती आणि अचानक तिला डिस्कच दिसेनाशी झाली, एवढेच घडले आहे. ती दुरुस्त करण्याच्या किंवा पुन्हा बसवण्याच्या सूचना पडद्यावर आल्या असतील, तर त्या स्वीकारू नका.

विंडोज सुरू झाली की सर्वांत आधी प्रकल्पाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. त्यानंतर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. नव्या लॅपटॉपांवर ते बरेचदा आपोआप चालू असते. असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी-की कागदावर उतरवून ठेवा, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज तीच मागते आणि ती नसेल तर डिस्कवरील मजकूर कोणालाही परत मिळवून देता येत नाही. तसेच विंडोजच्या पॉवरच्या मांडणीतील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचा कर्नल झोपवून ठेवला जातो, आणि अशा अर्धवट अवस्थेतल्या डिस्कच्या भागावर उबुंटूने लिहिणे धोक्याचे असते.

आता योग्य क्रम असा. विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ या विभागात ‘सेफ बूट’वर खूण करा. पुन्हा सुरू करताना थेट बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडा. काही नव्या यंत्रांवर याच जागी ‘व्हीएमडी’ नावाचा पर्याय असतो आणि तो बंद करायचा असतो. मग विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर स्वतःच शोधून घेईल. तिथे नेहमीचा पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड आधीच आठवून ठेवा. ‘एमएसकॉन्फिग’मधली खूण काढून पुन्हा सुरू केले, की विंडोज पूर्वीसारखी चालेल आणि इन्स्टॉलरलाही डिस्क दिसेल.

उबुंटूसाठी जागा मात्र इन्स्टॉलरकडून कापून घेऊ नका. विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून सी-ड्राइव्ह लहान करून ४० ते ५० जीबी जागा मोकळी ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये तेवढीच मोकळी जागा निवडा. ‘इरेझ डिस्क’ हा पर्याय त्याच पानावर असतो. पुढचे बटण दाबण्यापूर्वी जो सारांश दाखवला जातो, त्यात विंडोजच्या भागापुढे ‘फॉरमॅट’ असा शब्द नाही ना, हे दोनदा वाचून पाहा.